वर कोरडं, तळाला पाणी : उन्हाळ्यातल्या पास्ता सॅलडचं दुखणं

रात्री डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलं तेव्हा सॅलड झकास होतं. घरच्यांना वाटी-वाटी चाखायला दिलं, सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांपुढे झाकण काढलं तर वरचा पास्ता कोरडा, एकाला एक चिकटलेला, डाव घातला की ढेकूळच वर येणार. आणि तळाशी वाटीभर पांढरट-गुलाबी पाणी. कोरडं दिसतंय म्हणून मेयोनीज वाढवलं तर पाणी आणखी पातळ झालं. पाणी ओतून टाकलं तर मीठ, लिंबू सगळंच त्याच्याबरोबर गेलं.

हे तुमच्याकडे झालं असेल तर पुढचं वाचा. माझ्याकडे चार वेळा झालं.

आमचं घर जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं. भिशी, वाढदिवस, डोहाळजेवण आहेच, पण खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. तीन नणंदा माहेरी येतात, त्यांची पोरं, पोरांचे दोस्त. दुपारी पुरणपोळी, आमरस, कुरडया असं साग्रसंगीत जेवण झालं की संध्याकाळी गच्चीवर पोरांना काहीतरी 'वेगळं' लागतं, आणि बायकांना परत चुलीपुढे उभं राहायचं नसतं. आधी करून ठेवता येतं, गार खाल्लं जातं, म्हणून मी पास्ता सॅलड धरलं. पहिल्या वर्षी सासूबाईंनी डब्यात डोकावून एवढंच विचारलं, "हाई काय शे माय?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ते नेमकं काय झालंय हे मलाही कळत नव्हतं.

प्रत्येक वेळी मी दोष ड्रेसिंगला दिला. मेयोनीजची कंपनी बदलली, मग क्रीम घालून पाहिलं, मग दही. दुखणं तिथे नव्हतंच. सॅलड मी आदल्या रात्रीच 'पूर्ण' करून टाकत होते. हा पदार्थ वाढायच्या घडीपर्यंत अर्धवट ठेवावा लागतो, आणि आपल्या हाताला ती सवय नाही. रस्सा, आमटी, शेवभाजी मुरली की चढते. हे उतरतं.

कोरडं आणि ओलं एकाच वेळी कसं

ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच भांड्यात राहतात म्हणून एक वाटतात.

पास्ता उकडून निथळला तरी त्याचं पिणं थांबत नाही. गरम असेपर्यंत तर तो ड्रेसिंगमधलं पाणी भराभर ओढून घेतो आणि वर नुसता तेलाचा, दुधाच्या घट्ट भागाचा लेप ठेवतो. मग फ्रीजमध्ये त्याच्यातला स्टार्च आवळतो. रात्रीचा भात सकाळी कडक लागतो, तोच प्रकार. म्हणजे वरचा थर कोरडाही झाला आणि कडकही.

दुसरीकडे काकडी, टोमॅटो, कांदा यांना मीठ लागलं की त्या पाणी सोडायला लागतात, आणि हे सोडणं सावकाश रात्रभर चालतं. तोवर पास्त्याची पिण्याची ताकद संपलेली असते. मग ते पाणी जाणार कुठे? तळाला. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ वाढताना घालायचं, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्याच काकडीला सॅलड म्हटल्यावर मी ते कसं विसरले, देव जाणे.

पास्ता: अर्धी लढाई गॅसवरच

आधी पाकीट उलटं करून वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असेल तर घ्या. किराणा दुकानात पोत्यातून मिळणारा सुटा पास्ता बहुतेक वेळा साध्या रव्या-मैद्याचा असतो. गरमागरम मसाला पास्त्याला तो चालून जातो, गार सॅलडमध्ये मात्र दोन तासांत त्याचा लगदा होतो. ड्युरम हे काही परदेशातलं धान्य नव्हे. आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच. दाणा कठीण, रवा पिवळसर, आणि त्यातलं प्रथिन असं की शिजल्यावरही आकार धरून ठेवतं. आकार म्हणाल तर पीळ असलेला स्प्रिंग पास्ता उत्तम, पेन्नी चालेल. शिंपल्याच्या आकाराचा दिसायला गोड, पण प्रत्येक शिंपल्यात चमचाभर पाणी दडून बसतं आणि निथळून निघतच नाही. एकदा घेतला, परत घेतला नाही.

पाणी भरपूर हवं: १०० ग्रॅम पास्त्याला १ लीटर, आणि लीटरमागे साधारण १० ग्रॅम मीठ. पंचवीस माणसांसाठी सोबतचा पदार्थ म्हणून १ किलो कोरडा पास्ता पुरतो, माणशी ४० ग्रॅम. उकडल्यावर तो दुपटीच्या वर भरतो. हा १ किलो एकाच गंजात घालायचा मोह टाळा. घरच्या शेगडीची आच तेवढी नसते. पास्ता पडला की पाणी थंडावतं, परत उकळी यायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात पास्ता कोमट पाण्यात भिजून चिकट होतो. माझी पहिली दोन सॅलडं इथेच मेली होती. अर्धा-अर्धा किलो करून दोनदा उकडा.

आता आमच्या भागातली एक अडचण. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा स्वयंपाकाला बोअरचं पाणी वापरलं जातं. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्या पाण्यात पास्ता शिजतो, पण त्याला बाहेरून बुळबुळीत साय धरते. क्षारांचं, अल्कलीकडे झुकणारं पाणी पास्त्यावरचा स्टार्च जास्त सोडवतं. उपाय सोपा आहे. ५ लीटर पाण्यात अर्धं लिंबू पिळा. चव कळत नाही, फरक हाताला कळतो.

शिजवायचा किती? पाकिटावर जी वेळ असते ती गरम खाण्यासाठी असते, दाताखाली जरा कच्चट लागावा म्हणून. गार झाल्यावर पास्ता आणखी कडक होणार आहे, तेव्हा सॅलडसाठी त्या वेळेवर दीड-दोन मिनिटं जास्त द्या. दाण्याला बोटाने चिरडलं तर मध्ये पांढरा ठिपका दिसता कामा नये. ठिपका राहिलेला पास्ता दुसऱ्या दिवशी रबरासारखा लागतो, आणि आपण म्हणतो फ्रीजने बिघडवला.

मग धुणं. गरम पास्ता धुवायचा नसतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. सॉस चिकटावा म्हणून ते बरोबर आहे; गार सॅलडला मात्र वरचा स्टार्च धुऊनच काढायला हवा. सासूबाईंनी हे एका वाक्यात निकालात काढलं होतं. शेवया उकडल्यावर गार पाण्याने धुवून चाळणीत टाकतातच ना, मग ह्या जाड शेवयांना काय सोनं लागलंय? उन्हाळ्यात वाळवणाच्या शेवया करणाऱ्या बाईला पास्ता शिकवायला मी निघाले होते.

त्यांचा दुसरा सल्ला मात्र मला महागात पडला. चिकटू नये म्हणून त्यांनी वरून पळीभर तेल घातलं. दाणे सुटे झाले, अगदी मोत्यासारखे. पण तेलाचा लेप बसलेल्या पास्त्यावरून ड्रेसिंग घसरून खाली गेलं, आणि तळाच्या पाण्यात तेवढी भर पडली. अर्ध्या किलोला एक छोटा चमचा तेल, तेही पूर्ण निथळल्यावर. उकळत्या पाण्यात तेल टाकण्याला तर काहीच अर्थ नाही, ते वर तरंगतं आणि मोरीत जातं.

आणि गार पाणी म्हणजे खरंच गार. एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्याने मी दोन वर्षं पास्ता 'गार' करत होते! आता माठातलं पाणी वेगळं काढून ठेवते. हे पाणी पिण्याचंच हवं, कारण यानंतर पास्ता परत उकळणार नाही; पाण्यात जे असेल ते ताटात जाणार. धुतला की चाळणीत दहा मिनिटं, मधून मधून हलवत, आणि मग स्वच्छ सुती पंचावर पसरून आणखी पाच. ही शेवटची पाच मिनिटं कंटाळवाणी असतात, पण तळाचं निम्मं पाणी इथेच वाचतं.

ड्रेसिंग दोन हप्त्यांत

१ किलो पास्त्याला मी जे घेते ते असं: साधारण १ किलो दही मलमलच्या कापडात फ्रीजमध्येच चार तास टांगून निघालेला चक्का, २०० ग्रॅम मेयोनीज, चार लिंबांचा रस, चार मोठे चमचे तेल, दोन चमचे पिठीसाखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड आणि लसूण-हिरव्या मिरचीचा दोन चमचे ठेचा. ठेच्यात दाणे घालायचे नाहीत. दाण्याचं कूट रात्रभर पाणी पिऊन पिठल्यासारखं होतं. खान्देशी माणसाला दाण्यांवाचून चैन पडत नसेल (मला पडत नाही) तर भाजून जाडसर कुटून वेगळे ठेवा आणि वाढताना वर पेरा.

या सगळ्यातला लिंबू-तेल-मीठ-जिऱ्याचा भाग आधी एकत्र करा आणि पास्ता धुऊन निथळला की लगेच त्याला चोळा. पास्ता पिणार आहेच, तर त्याला चवीचं पाणी पिऊ द्या. आतपर्यंत आंबटपणा पोचतो. हा पहिला हप्ता. चक्का-मेयोनीजचा दुसरा हप्ता पास्ता पूर्ण गार झाल्यावर, आणि तोही वाढायच्या अर्धा तास आधी. गरम पास्त्यावर मेयोनीज टाकलं की ते फुटतं, तेल वेगळं होतं. दुसऱ्या हप्त्यातलाही पाव हिस्सा वाटीत मागे ठेवा. शेवटच्या क्षणी तो लागतोच.

तेल कुठलं? मला घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास आवडतो, पण फ्रीजमध्ये ते गढूळ आणि घट्ट होतं, जिभेवर मेणासारखं लागतं. ऑलिव्ह तेलाचंही तसंच. सूर्यफुलाचं रिफाइंड तेल फ्रीजमध्ये पातळच राहतं. घट्ट होणाऱ्या तेलाबद्दल अमळनेरकरांना मी काय सांगावं म्हणा. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याच कंपनीला आज जग विप्रो म्हणून संगणकाच्या धंद्यासाठी ओळखतं. असो. शेंगदाणा तेलच वापरायचं असेल तर सॅलड बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी हलवून मगच वाढा.

मिठाचं एक लक्षात ठेवा. गार पदार्थात मीठ आणि गोडी दोन्ही जिभेला कमी कळतात. गरम असताना बरोबर लागलेलं सॅलड गार झाल्यावर अळणी लागणार. म्हणून शेवटची चव गार झाल्यावरच घ्यायची, आणि मागे ठेवलेल्या त्या पाव हिश्श्यात मीठ-लिंबू थोडं चढंच ठेवायचं.

भाज्या, आणि काय घालू नये

काकडीच्या बिया चमच्याने खरवडून काढा, तुकड्यांना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, मुठीत पिळा. टोमॅटोचा गर आणि बिया काढून फक्त साल-मांस घ्या. तो गर संध्याकाळच्या भाजीत घाला. उकडलेले मक्याचे दाणे कापडावर कोरडे करा. ढोबळी मिरची आणि गाजर ही गुणी पोरं, त्रास देत नाहीत. कांदा चिरून दहा मिनिटं माठाच्या पाण्यात ठेवा आणि अगदी शेवटी घाला. रात्रभर सॅलडमध्ये राहिलेला कांदा फ्रीज उघडताच ओळख देतो. सगळं चिरलेलं एका डब्यात, तळाशी कोरडं कापड घालून, पास्त्यापासून लांब.

पोरांसाठी गोड म्हणून एका वर्षी ताजा अननस घातला. दोन तासांनी सगळं सॅलड कडू. मला वाटलं दही खराब होतं. दही बिचारं ठीक होतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रथिनाचे तुकडे करतं आणि ते तुकडे कडू लागतात. कच्च्या पपईचंही हेच. डब्यातला अननस गरम प्रक्रियेतून गेलेला असतो, त्याने असं होत नाही. डाळिंब चालतं, फक्त आधी घातलं तर सगळं गुलाबी होतं. आणि रावेर-यावलकडच्या पाहुण्यांनी आग्रह केला तरी केळं नाही. आपल्या जिल्ह्याच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण चिरलेलं केळं तासाभरात काळं पडतं.

ऊन

इथपर्यंतचं सगळं चवीचं होतं. चौथ्या वेळी जे झालं ते चवीचं नव्हतं.

आखाजीची संध्याकाळ, गच्ची दिवसभर तापलेली. सात वाजता सॅलड मांडलं, गप्पा रंगल्या, झोक्यावरच्या गौराईच्या गाण्यांना बायका बसल्या, आणि पोरांनी साडेदहाला परत एकेक वाटी घेतली. मध्यरात्रीनंतर दोन पोरांना उलट्या. सकाळपर्यंत बरी झाली, पण माझी रात्र गेली. सगळ्यांनी मेयोनीजला धरलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की बाजारातलं पाकीटबंद मेयोनीज व्हिनेगरमुळे आंबट असतं आणि त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. घरी कच्च्या अंड्याचं केलेलं असेल तर गोष्ट निराळी. तेलंगणाने २०२४ साली त्यावर बंदीच घातली. गच्चीवरच्या माझ्या डब्यात मात्र अंडं नव्हतं. धोका होता तो पास्त्यात.

बॅसिलस सेरियस नावाचा जंतू भात, पास्ता यांसारख्या शिजवलेल्या धान्यात निघतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. शिजवलेलं अन्न कोमट राहिलं की ते जागे होऊन वाढतात आणि विष सोडतात. हे विष परत गरम करूनही जात नाही. उलट्या एक ते सहा तासांत सुरू होतात. आमच्याकडे नेमका हाच जंतू होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तपासणी कोणी केली नव्हती. पण त्या दिवसापासून माझा हिशेब बदलला.

नियम असा की शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता आमचा विचार करा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि सूर्य बुडाल्यावरही गच्चीची फरशी अनवाणी पायाला सोसत नाही. म्हणजे आपल्याकडे आखाजीला दोन तासांचा नियम लागूच नाही. एक तास, त्यापुढे डबा आत.

पहिली चूक गार करण्यातच होते. भरलेलं पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवलं तर बाहेरून गार आणि पोटात चार-चार तास कोमट राहतं. त्यात पाहुणे गार पाण्यासाठी दर पाच मिनिटांनी दार उघडतात, आणि वीज गेली तर विचारायलाच नको. म्हणून पास्ता दोन परातींमध्ये दोन इंचांचा थर करून पसरायचा, तासाभरात गार झाला की मग झाकण लावायचं. पाहुण्यांसाठी माठ बाहेर भरून ठेवायचा. फ्रीजला हात लावणाऱ्यांवर एक नणंद पहाऱ्याला.

मांडताना मोठ्या परातीत बर्फ, त्यात सॅलडचं स्टीलचं पातेलं. काचेचं किंवा प्लास्टिकचं भांडं दिसायला छान, पण बर्फाचा गारवा आत जायला वेळ लागतो. पातेलं लहान घ्यायचं, आठ-दहा माणसांपुरतं. बाकीचं थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये. संपलं की नवं पातेलं आणायचं. जुन्या उरलेल्यावर नवं ओतायचं नाही, नाहीतर जुन्याचा तास नव्यालाही लागतो. बर्फात मीठ घालू नका. पॉट आईस्क्रीमला आपण घालतो, त्याने बर्फ शून्याच्या खाली जातो, आणि पातेल्याच्या कडेचं ड्रेसिंग गोठून फुटतं.

बर्फाची लादी कारखान्यातून आणत असाल तर एवढं बघा की ती फक्त पातेल्याच्या बाहेर राहील. खाण्यालायक नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ साली आला आहे, पण पांढरा दिसतो म्हणून तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं धरून चालू नका. पास्ता धुवायला, कांदा भिजवायला घरच्या फ्रीजमधला बर्फ.

हिवाळ्यात यातलं निम्मं ओझं उतरतं. डिसेंबरात शेतावर भरताची पार्टी असते तेव्हा गार हवेत तासाचे दोन तास होतात. पण खरं सांगू, वांगी काड्यांवर भाजली जात असताना, बडगीत भरीत कुटलं जात असताना, पुढ्यात पुऱ्या आणि कांद्याची पात असताना पास्ता सॅलडकडे कोण बघणार? मी एकदा नेलं होतं. जसंच्या तसं परत आणलं.

ऐन वेळी बिघडलंच तर

कोरडं झालं असेल तर पाणी घालू नका, नुसतं मेयोनीजही नको. मागे ठेवलेलं ड्रेसिंग दोन-तीन चमचे ताकात सैल करून, लिंबू पिळून, हाताने हलकेच लावा. डावाने ढवळलं की दाणे तुटतात.

पास्ता गोळा झालाय आणि अजून त्याला मेयोनीज लागलेलं नाही? उकळतं पाणी करा, चाळणीसकट अर्धा मिनिट बुडवा, लगेच माठाच्या पाण्याखाली. आवळलेला स्टार्च सुटतो आणि दाणे मोकळे होतात. मेयोनीज लागल्यावर हा उपाय नाही.

तळाला पाणी आलं तर पातेलं तिरपं करून ते एका वाटीत काढा, चव बघा, आणि त्यातच चक्का कालवून परत घाला. मीठ-लिंबू वाया जात नाही. चक्का संपला असेल तर टोस्टचा जाडसर चुरा मूठभर. वरून जाड तिखट शेव पेरली की पोरांना बाकी काही दिसत नाही, पण ती ताटातच पेरायची, पातेल्यात नाही. पातेल्यात पेरली तर दहा मिनिटांत शेवभाजी होते.

यंदा आखाजीला मी असं केलं. चक्का आदल्या रात्री टांगला. भाज्या सकाळी चिरल्या, काकडी-टोमॅटो पिळून. दुपारी जेवणं उरकल्यावर तीनला पास्ता उकडला, साडेतीनला पहिला हप्ता, मग पराती. साडेचारला डब्यात भरून फ्रीजमध्ये. सातला पाहुणे गच्चीवर चढायला लागले तेव्हा खाली उभं राहून निम्म्याच पास्त्यात भाज्या आणि दुसरा हप्ता मिसळला. उरलेला निम्मा तसाच ठेवला, मागणी येईल तसं मिसळायला. आठला पातेलं आत. कोणी साडेदहाला मागितलं तर नवं, पाच मिनिटांत.

त्या निम्म्यातला बराचसा उरला, कारण पोरांनी आईस्क्रीम आणवलं. गच्चीवर फिरून आलेलं सॅलड मी टाकून दिलं. सासूबाईंना अन्न टाकलेलं बघवत नाही, त्या तिकडे पाठ करून बसल्या. न मिसळलेला पास्ता मात्र फ्रीजमधून हललाच नव्हता. सकाळी उठले तर त्यांनी त्याला कांदा, लसूण आणि काळ्या मसाल्याची झणझणीत फोडणी दिली होती. नणंदा बसमध्ये खायला डबे भरून मागत होत्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की जे काय खायचं ते इथेच गरम गरम खा, डबा नाही.